संध्याकाळच्या विजेची किंमत

महाराष्ट्रातल्या उच्चदाब वीजग्राहकांनी वीस वर्षांहून अधिक काळ एक वेळापत्रक पाठ केले होते. रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त, सकाळी नऊ ते बारा महाग आणि संध्याकाळी सहा ते दहा सर्वांत महाग. पुढे रात्रीच्या युनिटला दीड रुपया सूट आणि संध्याकाळच्या युनिटला एक रुपया दहा पैसे जादा, असा हिशोब स्थिरावला. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांनी त्या हिशोबाने भट्ट्या लावल्या, कामगारांच्या पाळ्या बसवल्या, ठेकेदारांशी बोलणी केली. २०२५ च्या दररचनेने हे वेळापत्रक उलटे केले. त्यानुसार सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त, पाच ते मध्यरात्र महाग, आणि रात्रीची ती जुनी सूट गेली. उद्योजकांच्या संघटना चिडल्या. त्यांच्या रागात तथ्य आहे आणि त्याकडे पुढे यायचेच आहे. पण या उलटापालटीमागे शंभर वर्षांहून जुना हिशोब आहे. तो समजून घेतला नाही, तर कारखानदार दर पाच वर्षांनी नवे वेळापत्रक पाठ करत राहील आणि दर वेळी उशिरा पोहोचेल.

वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरली जाते. धान्यासारखी ती पोत्यात भरून ठेवता येत नाही, निदान आजवर मोठ्या प्रमाणावर ठेवता येत नव्हती. म्हणून वर्षातल्या सर्वांत जड तासाला जेवढी मागणी येईल, तेवढी जनित्रे, तारा आणि रोहित्रे उभी करावीच लागतात. बाकीच्या तासांत त्यातली पुष्कळशी यंत्रणा रिकामी उभी असते, पण तिच्यावरचे व्याज, घसारा आणि पगार थांबत नाहीत. एका दिवसाच्या लग्नासाठी बारा महिने मांडव उभा ठेवावा, तसा हा खर्च आहे. प्रश्न एवढाच उरतो की मांडवाचे भाडे कुणाकडून घ्यायचे.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला तो जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने, १८९२ साली. वीज पुरवण्याचा खर्च दोन वेगळ्या गोष्टींचा असतो, असे त्याने दाखवले. एक, ग्राहक मागेल तेव्हा वीज देता यावी म्हणून यंत्रणा सज्ज ठेवण्याचा. दुसरा, प्रत्यक्ष युनिट तयार करण्याचा. ज्याने वर्षभरात थोडेच युनिट वापरले, पण नेमके सगळ्यांच्या बरोबर संध्याकाळी वापरले, तो कंपनीला सर्वांत महाग पडतो. ब्रायटनमध्ये आर्थर राइट याने ग्राहकाची कमाल मागणी नोंदवणारे यंत्रच बनवले. शिकागोचा सॅम्युअल इन्सल १८९४ च्या हिवाळ्यात ब्रायटनला गेला, ही दररचना पाहून आला आणि अमेरिकेत तिच्यावर त्याने आपला धंदा उभारला. इन्सलला दिवसा चालणाऱ्या ट्राम हव्या होत्या, कारखाने हवे होते, बर्फाचे कारखानेही हवे होते. दिवे फक्त संध्याकाळी लागतात, आणि केवळ दिव्यांवर वीजकंपनी जगत नाही, हे त्याला उमगले होते. आजच्या उच्चदाब बिलावर दिसणारा ‘मागणी आकार’ हा हॉपकिन्सन आणि राइट यांचा वारसा आहे.

मुंबईत ही गोष्ट वेगळ्या अंगाने घडली. इथे कोळसा लांबून, बंगालच्या खाणींतून यायचा आणि गिरण्या वाफेवर चालायच्या. जमशेटजी टाटांच्या मनातली कल्पना त्यांच्या पश्चात साकारली. लोणावळ्याच्या परिसरात चार महिन्यांत कोसळणारा पाऊस तलावांत अडवायचा, तो पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला सोडायचा आणि त्यावर जनित्रे फिरवायची. फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज सुरू झाली. पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा आले. पाण्याच्या विजेचा एक गुण गिरणीमालकांपेक्षा वीजकंपनीला अधिक मोलाचा होता. झडप उघडली की काही मिनिटांत वीज, झडप लावली की पाणी तलावात शिल्लक. वाफेच्या बॉयलरला हे जमत नाही. जड तासाला हात देणारी वीज म्हणून सह्याद्रीकडे पाहण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

त्या सवयीची किंमत मुळशीने मोजली. भिऱ्याच्या विजेसाठी मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यातली भाताची जमीन पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटितपणे दिलेला हा देशातल्या अगदी पहिल्या लढ्यांपैकी एक. तो हरला. बापट तुरुंगात गेले, धरण झाले, गिरण्यांना आणि रेल्वेला वीज मिळाली. मुंबईच्या वीजबिलात आंबेमोहोर पिकवणाऱ्या त्या जमिनीचा मोबदला कधीच पुरता उतरला नाही. संध्याकाळचे मेगावॅट कुठून येतात, हे विचारताना मुळशी डोळ्यांआड करता येत नाही.

पुढे कोयना झाली. १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजघरातून वीज सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने, तलावाखालून बोगदा फोडण्याच्या १९९९ च्या ‘लेक टॅपिंग’नंतरचा चौथा टप्पा धरून, प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅटपर्यंत गेली. महाराष्ट्राच्या संध्याकाळी ज्यावर उभ्या आहेत तो हा खांब. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, माणसे दगावली, आणि दूर मुंबईतल्या कारखान्यांचीही वीज तुटली. एका खोऱ्यावर राज्याचा किती भार टाकला आहे, हे त्या दिवशी दिसले. कोयनेचे पाणी पश्चिमेला वळवून वीज करायलाही कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. वीज करून हे पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळते, पूर्वेकडच्या शिवाराला पुन्हा मिळत नाही. कोयनेच्या प्रत्येक संध्याकाळी थोडे पाणी असे खर्ची पडते, आणि दुष्काळी वर्षात त्या पाण्यावरून सातारा-सांगलीत काय बोलले जाते ते सर्वांना ठाऊक आहे.

दाभोळ वीजप्रकल्पाची कथा राजकारणासाठी लक्षात राहिली, पण तिचा एक धडा विजेचाच आहे आणि तो विसरला गेला. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला. अहोरात्र चालवायचा म्हटला, तर महाराष्ट्राच्या यंत्रणेला तो झेपण्यापलीकडचा मोठा आणि महाग होता. राज्याला अडचण होती ती जड तासांची. घेतला गेला तो रात्रंदिवस पैसे मागणारा करार. वीज उचला किंवा न उचला, क्षमतेचे पैसे द्यायचेच. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि दोनच वर्षांत राज्य वीज मंडळाचे कंबरडे मोडायची वेळ आली. जानेवारी २००१ मध्ये मंडळाने बंद असलेले संच तातडीने चालू करून पूर्ण वीज मागितली. करारात त्यासाठी तीन तास दिले होते, तेवढ्या वेळात ती आली नाही, म्हणून मंडळाने ४०१ कोटी रुपयांचा दावा लावला. इतक्या महागड्या प्रकल्पाचा निर्णायक तंटा अखेर वेळेवर वीज देता येते की नाही यावरच झाला. मेगावॅट मोजणे सोपे असते. ते मेगावॅट कोणत्या तासाला, किती लवकर आणि किती वेळासाठी हवेत, हे विचारायला त्या वेळी फार थोडे लोक होते. त्यांत पुण्याचा ‘प्रयास’ हा अभ्यासगट आणि त्यातले गिरीश संत यांचे नाव घ्यायलाच हवे.

त्यानंतरचे भारनियमन अनेकांनी भोगले आहे. दहावीची मुले कंदिलापाशी बसत, पिठाच्या गिरणीवर वीज येण्याची वाट पाहत रांगा लागत, इचलकरंजीत माग थांबले की विणकर बाहेर ओट्यावर येऊन बसे. पण त्या काळातली एक गोष्ट वीजखात्याच्या इतिहासात ठळक लिहिली जायला हवी. संध्याकाळचा भार हलका करण्याचे काम सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक कुणी केले असेल, तर ते शेतकऱ्याने. आठ तास दिवसा किंवा दहा तास रात्री, असा थ्री फेजचा पाळीपाळीचा पुरवठा त्याच्या वाट्याला आला. शहरातले दिवे, दुकाने, कारखाने संध्याकाळी चालावेत म्हणून त्याचा पंप मध्यरात्रीनंतर सुरू झाला. बॅटरी हातात धरून चिखलात दार मोडायला गेलेला माणूस सापाने डसला, बिबट्याच्या वाटेत आला, स्टार्टरच्या पेटीत शॉक लागून गेला. उद्योगाने रात्री वीज वापरली तेव्हा त्याला युनिटमागे दीड रुपया सूट मिळाली. शेतकऱ्याला त्या जागरणाची वेगळी किंमत कुणी दिली नाही, आणि वर ‘फुकट्या’ म्हणून बोलणी खावी लागली. शेतीच्या वीजबिलांची थकबाकी हा स्वतंत्र आणि खरा प्रश्न आहे. पण जड तास सांभाळल्याबद्दल ज्यांचे देणे लागतो, त्यांत शेतकरी पहिला आहे, हे कबूल करावे लागेल.

याच काळात लोकांनी आपण होऊन केलेले दोन प्रयोगही झाले. ‘अक्षय प्रकाश योजने’त गावांनी एकत्र बसून ठरवले की संध्याकाळी आणि रात्री कुणी पंप, गिरणी, शेगडी लावायची नाही, फक्त दिवे, पंखा, टीव्ही. त्या बदल्यात गावाचे भारनियमन टळायचे. एखाद्याने चोरून मोटर लावली तर शेजारीच त्याला सांगायला जात. वायरमनच्या धाकाने कधी झाले नव्हते ते शेजाऱ्याच्या भिडेने झाले. दुसरा प्रयोग पुण्याचा. २००६ मध्ये सीआयआय या उद्योगसंघटनेच्या सभासद कारखान्यांनी तुटीच्या तासांना आपली स्वतःची जनित्रे चालवायची, तेवढी ग्रिडची वीज शहरासाठी सोडायची आणि डिझेलचा जादा खर्च पुण्याच्या ग्राहकांनी थोड्या अधिभारातून भरायचा, असे ठरले. वीज नियामक आयोगाने मान्यता दिली आणि नव्वद-शंभर मेगावॅटची तूट भरून शहर भारनियमनातून सुटले. धूर झाला, वीज महाग पडली, तरी एक गोष्ट सिद्ध झाली. शहर वाचवायला नवे वीजकेंद्र लागले नाही, कारखान्यांनी योग्य तासाला ग्रिडवरून बाजूला होणे पुरले.

आता आजच्या बिलाकडे येऊ. उच्चदाब ग्राहकाच्या बिलात जड तासाची किंमत दोन ठिकाणी लपलेली असते आणि बहुतेक लघुउद्योजक त्यातली एकच पाहतात. युनिटचा दर कोणत्या तासाला किती, हा तक्ता सगळे पाहतात. दुसरी जागा कमाल मागणीची, ज्याला कारखान्यात सरसकट ‘एमडी’ म्हणतात. महिन्याभरातल्या एका सलग अर्ध्या तासात जी सर्वाधिक मागणी नोंदली गेली, तिच्यावर केव्हीएप्रमाणे आकार लागतो. महिन्याचे सातशे-साडेसातशे तास तुम्ही शिस्तीत चालवा, एका अर्ध्या तासाने बिल ठरते. शिवाय गेल्या अकरा महिन्यांतल्या सर्वाधिक बिलिंग मागणीच्या ७५ टक्क्यांच्या खाली ते सहसा जात नाही, असा नियम महाराष्ट्रात वर्षानुवर्षे आहे.

समजा, एका फाउंड्रीची कॉन्ट्रॅक्ट डिमांड १००० केव्हीए आहे आणि एरवी तिची मागणी ६०० च्या आत राहते. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी इंडक्शन भट्टी थंड, सँड प्लँट बंद, कॉम्प्रेसरची टाकी रिकामी. सुपरवायझरला वेळ भरून काढायची आहे, म्हणून तो सगळे एकदम चालू करतो आणि मीटर १००० नोंदवतो. केव्हीएला महिना ५०० रुपये धरले आणि फक्त वरचा ७५ टक्क्यांचा नियम लावला, तर त्या एका सकाळचे जादा दोन लाख रुपये झाले. पुढच्या अकरा महिन्यांत मागणी ६०० राहिली तरी बिल ७५० वर येणार, म्हणजे दरमहा ७५ हजार रुपये, एकूण सव्वाआठ लाख. सगळे मिळून सव्वादहा लाख रुपये. आधी कॉम्प्रेसर, वीस मिनिटांनी सँड प्लँट, आणि टाक्या भरून पट्टे फिरू लागले की मग भट्टी पूर्ण ताकदीवर, एवढा क्रम फळ्यावर लिहून ठेवला असता तर हे पैसे वाचले असते. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. मागणी ठरावीक आकड्याजवळ आली की भोंगा वाजवणारा कंट्रोलर बाजारात मिळतो, आणि मीटरमधली दर वेळखंडाची नोंद वीजकंपनीकडून मागून घेता येते. ती नोंद एकदा तरी कागदावर उतरवून पाहिलेले कारखाने किती असतील?

ग्रिडचा जड तास वेगळा आणि आपल्या कारखान्याचा जड तास वेगळा, हा फरक नव्या वेळापत्रकात फार महत्त्वाचा आहे. दुपार स्वस्त झाली म्हणून सगळे काम नऊ ते पाचमध्ये कोंबले, तर युनिटचा दर कमी होईल पण एमडी वाढेल, आणि एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाईल. म्हणून खरा फायदा त्यांना, ज्यांच्याकडे वीज नाही तरी विजेचे काम साठवता येते. थंडावा साठवता येतो. दळलेला माल साठवता येतो. उंच टाकीत पाणी साठवता येते.

दूध संघांचे उदाहरण घ्या. दूध दोन वेळा येते. संध्याकाळचे संकलन नेमके महागड्या तासांत, सहा-साडेसहापासून. गावच्या सोसायटीतून कॅनमध्ये आलेले दूध कोमट असते, साधारण ३५ अंश, आणि ते लवकर ४ अंशांवर न्यावे लागते, नाहीतर नासते. दूध थांबत नाही, म्हणून कॉम्प्रेसरही थांबवता येत नाही, असा समज. पण दहा हजार लिटर दूध इतके थंड करायला जेवढा थंडावा लागतो, तो साधारण पावणेचार टन बर्फ वितळल्यावर मिळतो. तो बर्फ दिवसाच्या स्वस्त तासांत, सूर्य वर असताना, आइस बँक टाकीतल्या नळ्यांवर चढवून ठेवता येतो. संध्याकाळी फक्त पाण्याचे पंप फिरतात. बर्फगार पाणी प्लेट चिलरमधून जाते, दूध थंड होते, मोठे कॉम्प्रेसर स्वस्थ उभे. बर्फ करताना युनिट थोडे अधिक जातात हे खरे. तरीही दराच्या फरकात ते भरून निघते, आणि छोटा कॉम्प्रेसर जास्त वेळ चालवून काम भागते म्हणून एमडीही उतरते. आइस बँक हे काही नवे तंत्र नव्हे. डेअरीवाल्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अनेक ठिकाणी ते मागे पडले, कारण रात्रीचा आणि दुपारचा हिशोब कुणी मांडून दाखवला नाही.

तासगाव-सांगलीच्या बेदाणा कोल्ड स्टोरेजला हे आणखी सोपे आहे. हजारो पेट्या बेदाण्याच्या म्हणजेच थंडाव्याचा साठा. दुपारी खोली दोन अंश अधिक थंड करून ठेवली, दारांची रबरे आणि पडदे नीट असले, तर संध्याकाळचे काही तास मशीन बंद ठेवले तरी माल बिघडत नाही. मात्र संध्याकाळी माल चढवण्या-उतरवण्यासाठी दार उघडे राहिले, तर सगळे गणित फिसकटते. म्हणजे इथे बचत हमालांच्या आणि ट्रकच्या वेळेवर ठरते, मशीनवर नाही. चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांत भट्टी रात्रंदिवस पेटतीच राहायला हवी, पण क्लिंकर दळणाऱ्या मिल थांबवता येतात. सायलो पुरेसे मोठे असले की संध्याकाळी दळण बंद आणि ट्रक भरणे चालू.

सगळ्यांना हे जमणार नाही. सूतगिरणीचे रिंग फ्रेम तीन तास बंद ठेवून परवडत नाहीत. धागे तुटतात, परत सुरू करताना माल वाया जातो. रासायनिक प्रक्रियेचे तेच. त्यांना ‘वेळ बदला’ असा उपदेश करणे अन्यायाचे होईल. त्यांची बचत वेगळीकडे आहे, चांगल्या मोटरी, हवेची गळती, पॉवर फॅक्टर यांत. आणि जड तासाला डिझेलचे जनित्र लावून सुटका करून घेण्याचा मार्ग तर कुणीच धरू नये. लिटरमागे साडेतीन युनिटच्या आसपास वीज मिळते, म्हणजे नव्वद रुपयांच्या डिझेलवर युनिट पंचवीस रुपयांना पडते. वर शेजारच्या वस्तीला धूर.

कामगारांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. वीस वर्षे रात्रीची वीज स्वस्त होती, आणि त्या दीड रुपयासाठी हजारो माणसांनी रात्री वितळलेल्या लोखंडासमोर काढल्या. तिसऱ्या पाळीच्या माणसाची झोप, त्याचे पित्त, पहाटेचे अपघात, घरी मुलांशी न होणारी भेट हे वेळेनुसार ठरणाऱ्या दरांच्या कोणत्याही तक्त्यात नव्हते. सौरऊर्जेने दुपार स्वस्त केली असेल, तर गेल्या वीस वर्षांत प्रथमच स्वस्त वीज आणि माणसाच्या शरीराची घडी एका वेळी आली आहे. आमच्या मते नव्या वेळापत्रकाची ही सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, आणि तिच्याबद्दल उद्योजकांच्या निवेदनांत अवाक्षर दिसत नाही, हे खटकते.

वेळापत्रक का उलटले, तेही स्पष्ट आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली, ती यंत्रणेने पेलली, कारण अशा उन्हाळी दुपारी सौर वीज भरपूर असते. अडचण सूर्य मावळल्यावर येते. दुपारी वीजबाजारात युनिट दोन-तीन रुपयांना, कधी त्याहूनही खाली, आणि संध्याकाळी दहा रुपयांच्या मर्यादेला टेकलेले, असे दिवस आता नवे नाहीत. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांत दर किमान २० टक्के कमी आणि जड तासांत औद्योगिक व व्यापारी ग्राहकांना किमान १.२ पट, असे बंधनच घातले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर दिवसा सूर्यावर येऊ लागले आहेत. शेतकऱ्याची रात्रीची फेरी जसजशी थांबेल, तसतशी रात्र यंत्रणेला हलकी होईल आणि संध्याकाळ आणखी टोकदार दिसेल.

ती संध्याकाळ भरायला पुन्हा सह्याद्रीकडेच बोट दाखवले जात आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. प्रवरेच्या खोऱ्यातल्या वरच्या तलावातून खाली शहापूरच्या बाजूला पाणी सोडून वीज करायची आणि स्वस्त तासांत ते पुन्हा वर चढवायचे. चार युनिट घालून साधारण तीन परत मिळतात. आता असे कितीतरी प्रकल्प घाटमाथ्यावर करण्याचे करार राज्याने केले आहेत. त्यातले काही लागतील, हे नाकारता येत नाही. पण प्रत्येक प्रकल्पाला दोन तलाव, बोगदे, रस्ते आणि बहुतेक ठिकाणी जंगल लागते, आणि खाली कुणाचे तरी गाव असते. उद्योगाने संध्याकाळची मागणी जितकी आपण होऊन उतरवली, तितके हे तलाव कमी लागतील. आयोगाने या बाजूला, मागणीच्या बाजूला, पैसा आणि मनुष्यबळ लावायला हवे. मुंबईत टाटा पॉवरने २०१२ च्या सुमारास मोठ्या ग्राहकांना सूचना देऊन काही तास भार उतरवून घेण्याचे प्रयोग केले होते. त्याला दशकाहून अधिक काळ लोटला, तरी राज्यभर ते पसरले नाहीत.

आता उद्योजकांच्या रागाकडे. रात्रीची सूट काढणे अर्थशास्त्राने बरोबर असेल, पण ज्यांनी सरकारच्याच सांगण्यावरून वीस वर्षे रात्रीची घडी बसवली, त्यांना ती मोडायला सवड मिळायला हवी होती. फाउंड्रीची पाळी एका महिन्यात बदलत नाही. ठेकेदाराचे करार, बसची सोय, ग्राहकाची डिलिव्हरी, शेजारच्या वस्तीची दिवसाच्या आवाजाबद्दल तक्रार, हे सगळे त्यात येते. आइस बँक किंवा मोठा सायलो उभारायचा तर बँक विचारते, हे वेळखंड किती वर्षे टिकतील? त्याला आज उत्तर नाही. म्हणून आयोगाने पुढच्या पाच वर्षांतले वेळखंड आणि दरांतला फरक किमान दोन वर्षे आधी जाहीर करावा, आणि मध्येच बदल करायचा झाला तर जुन्या वेळापत्रकाने गुंतवणूक केलेल्यांना संक्रमणाची सूट द्यावी. महावितरणने प्रत्येक उच्चदाब ग्राहकाला बिलासोबत त्याच्या महिन्याच्या सर्वाधिक मागणीचा दिवस, वेळ आणि त्या अर्ध्या तासाने वाढलेली रक्कम मराठीत छापून द्यावी. माहिती मीटरमध्ये पडूनच असते. आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांनी दूध संघ आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांच्या आइस बँकेला ट्रॅक्टरइतक्याच सहजपणे कर्ज द्यावे, त्याची सुरुवात कोल्हापूर, सांगली आणि नाशिकपासून करता येईल.